मेणकागदातलं सहावं पुडकं

बायकोला जाऊन आठ महिने झाले. शारजातच दफन केली. डोक्याशी एक दगड आहे, दगडावर नंबर आहे. मी चौथी नापास, पण तो नंबर मला झोपेतून उठवून विचारलात तरी सांगेन. आता माझा व्हिसा संपलाय, कंपनीने हात वर केलेत आणि मी कायमचा गावी चाललोय. म्हणजे ती इथे आणि मी रत्नागिरीला खाडीकाठी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी लिहिणार आहे ते आठ पुडक्यांबद्दल. बायकोला रडायचं सोडून म्हातारा लोखंडाला काय रडतोय असं कुणाला वाटायला नको.

पुडकी कसली ते सांगतो. रायफलीला पोटाखालून एक लोखंडी डबी लागते, गोळ्या त्या डबीत राहतात. तिला मॅगझिन म्हणतात. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्याला पूर्वी थ्री नॉट थ्री असायची, तिची मॅगझिनं माझ्याकडे आठ होती. दुसऱ्या महायुद्धातली, कधी न वापरलेली, कारखान्यातून बांधून निघाली तशीच्या तशी. गोळी एक नाही, रायफल नाही. मी जन्मात कोंबडीसुद्धा नीट कापलेली नाही. मला त्या डबीशी काही घेणं नव्हतं. मला तिच्यावरचा कागद आवडायचा.

कारण मी पॅकर. शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये एका गोदामात आयुष्य गेलं. फौजेचा जुना माल यायचा. तंबू, बूट, ताडपत्री, कंदील. तो सोडवायचा, झाडायचा, परत बांधून आफ्रिकेला पाठवायचा. नंतर फोरमन झालो, बायकोला बोलावून घेतलं, शारजातच रोला भागात एक खोली केली. त्या गोदामातल्या थिनरने आणि कापडाच्या धुळीने माझं नाक मात्र कायमचं मेलं. वास म्हणून काही येत नाही. चुलीवर मासा करपला तरी मला बायको सांगायची, "अवो, उठा, खिडकी उघडा, तुमचं जेवण जळतंय."

पहिलं पुडकं तंबूच्या एका लाकडी पेटीत तळाला सापडलं. तळहाताएवढं. बाहेरून काळपट मेणकागद, वर सुती दोरी, एका अंगाला चिकटवलेलं लेबल. मालकाला दाखवलं. तो म्हणाला, "खलास, रख ले, किसी काम का नहीं."

मी ते घरी आणलं आणि जेवण सोडून बघत बसलो. टेप नाही, डिंक नाही. नुसती घडी. कागदाची दोन टोकं कशी आत वळवलीत, कोपरा कसा दाबलाय, दोरी कुठून फिरवलीय. एवढी वर्षं बोटीत, गोदामात, उन्हात फिरून एक कोपरा उचकटलेला नाही. आमच्या गोदामात शिकलेली पोरं कार्टनला पन्नास वेढे टेप मारतात आणि माल जेबेल अलीच्या बंदरात पोचेपर्यंत तळ फाटतो.

"हे डावखुऱ्याने बांधलंय," मी म्हणालो.

"तुम्हाला कसं कळलं?"

"घडी उलटीकडून आलीय. आणि हात लहान आहे. अंगठ्याचा दाब बघ. बाईमाणूस असणार."

बायकोने पुडकं माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट केलं, परत दिलं. "सत्तर वर्षांपूर्वीची बाई दिसते तुम्हाला. समोरची दिसत नाही. भात थंड झाला."

ती सातवी शिकलेली. लेबलावरचं इंग्रजी एकेक अक्षर लावून मला वाचून दाखवायची. तेवढ्यापुरतं तिला त्या पुडक्यांचं कौतुक होतं. बाकी वैताग. पुढे मी शारजाच्या जुन्या बाजारात एका टपरीवर फेऱ्या मारायला लागलो. तिथे फौजेचे बिल्ले, पाण्याच्या बाटल्या, असलं काहीबाही यायचं. वर्षा-दोन वर्षांतून एखादं पुडकं मिळे. एकदा चाळीस दिरहम दिले तेव्हा ती म्हणाली, "चाळीस म्हणजे आपले पाचशेच्या वर झाले ओ. आणि आत काय आहे ते बघायचं पण नाही?"

"नाही. उघडलं की संपलं."

"का संपलं?"

"एकदा उघडलं की नुसतं लोखंड आणि नुसता कागद. मग त्याला काय बघायचं?"

पत्र्याच्या ट्रंकेत चादरी घालून त्यावर मी ती पुडकी ओळीने ठेवायचो. तिच्या साड्यांची ट्रंक शेजारी. शुक्रवारी दुपारी नमाज पढून, जेवून, मी माझी ट्रंक उघडून बसायचो आणि ती केसांना तेल लावत बसायची. आमचे शुक्रवार असे गेले. आता आठवलं की वाटतं, दोघं एकाच खोलीत किती गप्प बसू शकायचो.

दुसरंही एक सांगायला हवं, ते मला सांगायला आवडत नाही. गल्फमधून गावी जायचं म्हणजे कार्टन बांधायचं. दूध पावडर, साबण, बाम, ब्लँकेट, कुणाची औषधं, कुणाच्या पोरीचं कापड. वर नायलॉनची दोरी आणि चारी बाजूंनी मार्करने नाव-गाव. ते कार्टन ती दोन महिने आधीपासून भरायला घ्यायची. भरून, बांधून, मला दाखवायची. आणि मी ते सोडायचो.

"परत सोडता?"

"सैल आहे. मध्ये हवा राहिलीय."

"कपड्यांना जरा श्वास नको का?"

"कार्टनमध्ये कपडे श्वास घेत नाहीत. बाजूला हो."

मी सगळं काढून परत भरायचो. ती खाटेवर बसून बघायची. इतक्या वर्षांत तिच्या हातचं एक कार्टन मी तसंच्या तसं विमानात चढू दिलं नाही. मला वाटायचं, मी तिचं काम हलकं करतोय.

माझा थोरला भाऊ वारला त्या साली मी चाळिसाव्यापर्यंत गावी होतो. निघायच्या आदल्या दिवशी टपरीवाल्याकडून सहावं पुडकं आणलं होतं. घाई होती. पिशवीतून न काढता तसंच ट्रंकेत टाकलं आणि विमानतळ गाठला. इकडे ऐन ऑगस्टमध्ये खोलीचा एसी बंद पडला. मेकॅनिक "बुकरा, बुकरा" करत, आज नाही उद्या, असे पाच दिवस आला नाही. ती पाच दिवस ओली चादर अंगावर घेऊन राहिली. मी परत आलो तेव्हा म्हणाली, "तुमच्या लोखंडाला घाम फुटला होता. त्या नव्याचं ग्रीस वितळून पार माझ्या ट्रंकेपर्यंत ओघळ आला."

"मग?"

"मग काय, पुसलं."

"उघडलंस का कुठलं?"

"मी कशाला उघडू? माझ्या बापाची बंदूक आहे?"

विषय संपला. पुढच्या शुक्रवारी मी सहावं पुडकं पहिल्यांदा नीट हातात घेतलं आणि बघतच राहिलो. बाकीच्यांना साधी गाठ होती. याला गाठच नव्हती. दोरीची दोन्ही टोकं एकमेकांत पिळून तो पीळ दोरीखाली खुपसलेला. आपल्याकडे कापणीला भाताची पेंढी बांधतात ना, अगदी तशी. न गाठ, न फास, तरी जागची हलत नव्हती.

"हे बघ," मी तिला हाक मारली. "ही कुणीतरी शेतातली पोर होती. कारखान्यात कामाला लागली, पण हात शेतातलाच राहिला. तिकडे गहू असेल, आपल्याकडे भात."

ती तेलाची बाटली हातात घेऊन जवळ आली. "बरं बांधलंय?"

"सहांत हे सगळ्यांत चांगलं." तेव्हा सहाच होती.

"तुमच्यापेक्षा?"

मी खोटं बोलत नाही. "माझ्यापेक्षा," मी म्हणालो.

तिने पदर तोंडाला लावला. चुलीकडे गेली. मला वाटलं, रुसली. त्या दिवशी सुरमईचा मधला तुकडा माझ्या ताटात आला आणि शेपटी तिने घेतली. एरवी ती मधला तुकडा कुणाला देत नसे.

त्यानंतर दोन पुडकी आणखी आली. मग तिच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. हॉस्पिटल, मशीन, परत हॉस्पिटल. मग ती गेली. मी ट्रंक उघडायचं सोडलं.

मुलगी दुबईला डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहते, ऑफिसात आहे. आई गेल्यावर मला तिथे घेऊन गेली. माझं सामान लावताना ट्रंक उघडली आणि तिचा चेहरा उतरला.

"अब्बा, हे बंदुकीचं आहे?"

"डबी आहे. मोकळी."

नात चौदा वर्षांची. तिने मोबाइलवर काहीतरी बघितलं आणि म्हणाली, "नाना, यू नीड अ लायसन्स फॉर धिस. दे कॅन पुट यू इन जेल."

मला खरंच माहीत नव्हतं. एवढी वर्षं खाटेखाली ठेवून झोपलो, मनात आलं नाही की हे हत्यारात मोजतात. मुलगी रडकुंडीला आली. विमानातून नेता येणार नाही, घरात ठेवता येणार नाही. ती म्हणाली, "पोलिसांना देऊन टाका, ते फोडतील, बघतील, खलास."

फोडतील, हा शब्द माझ्या डोक्यात बसला. मला तेवढंच नको होतं. लोखंड कुणीही न्या, पण ज्यांनी ती बांधली त्यांची घडी कुणी मोडू नका. बायको गेली, खोली गेली, काम गेलं. आठ पुडकी तरी सुटू नयेत. हट्टच धरला म्हणा.

आमच्या कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांची कामं करणारा माणूस, जुना ओळखीचा. त्याने पोलिसात रीतसर विचारून घेतलं आणि एका म्हाताऱ्या अरबाचं नाव काढलं. त्याच्याकडे जुन्या हत्यारांचा संग्रह, सगळं परवान्याचं. पोलीस म्हणाले, त्याच्याकडे जमा करा. अरबाने फोनवर अट सांगितली. बंद पुडकी असतील तर तो ती बंदच कपाटात ठेवील, त्याच्यानंतर त्याची मुलंही. उघडलेलं असेल तर कागद टाकून लोखंड बाकीच्या लोखंडात टांगील.

"एकही उघडलेलं नाही," मी फोनवर सांगितलं. "मेरी जुबान है."

मंदूबच्या गाडीतून गेलो. रास अल खैमाच्या वाटेवर जुनं घर, पाहुण्यांची मोठी बैठक, तिला मजलिस म्हणतात, भिंतीला काचेची कपाटं. अरबाब, म्हणजे घरमालक, माझ्याच वयाचा, काठी घेऊन चालणारा. हिंदी चांगली बोलायचा. त्याचा बाप मुंबईला मोती विकायला जायचा म्हणे. गहवा, म्हणजे त्यांची कॉफी, झाला, खजूर झाला. मग त्याने टेबलावर पांढरं कापड अंथरलं आणि म्हणाला, "यल्ला, हाजी. दिखाओ."

मी आठही पुडकी ओळीने मांडली. तो एकेक उचलायचा, लेबल बघायचा, मग नाकाशी न्यायचा. हे मला नवीन होतं. तो म्हणाला, "आँख धोका खाता है. फौज का ग्रीस का बास एक ही है." एक झालं, दोन झालं, पाच झाली. प्रत्येकाला मान हलवायचा. सहावं उचललं, नाकाशी नेलं आणि थांबला. परत वास घेतला. टेबलावर बाजूला ठेवलं. मग सातवं, आठवं बघून झाल्यावर बोलला.

"ये खुला है, हाजी."

"नहीं अरबाब. आपको गलती हुआ."

"ग्रीस नहीं है इसमें. नारजील है. नारियल का तेल."

"नारियल का तेल बंदूक में कौन डालता है?" मी जरा आवाज चढवूनच बोललो. मंदूबने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

अरबाब शांत होता. "वो मैं क्या जाने. औरत लोग बाल में डालता है, वो तेल है."

मी सहाव्या पुडक्याकडे बघितलं. दोरीचा पीळ, खाली खुपसलेलं टोक. एवढी वर्षं मी कुठल्या मुलखातल्या गव्हाच्या शेतात त्या पोरीला उभी करत होतो. लग्नाआधी माझ्या बायकोने खाडीपलीकडे लोकांच्या शेतात पेंढ्या बांधल्यात. मला माहीत होतं. मी विसरलो नव्हतो, मी कधी जोडलंच नव्हतं.

आमच्या गावी पाऊस लागायच्या आधी बायका आडळीचं, म्हणजे विळीचं, पातं पुसून, खोबरेल लावून, कागदात गुंडाळून ठेवतात, गंज धरू नये म्हणून. एसी बंद, पुडकं ओघळतंय, नवरा गावी भावाच्या मयताला. तिने ते उघडलं असणार, ग्रीसचा चिकटा पुसून काढला असणार, आणि घरात जे होतं ते लावलं. बाटली कपाटात होतीच. मग बाकीची पाच समोर ठेवून, बघून बघून, कागद होता त्या घड्यांवर परत बांधला. दोरी तेवढी तिला तिच्याच पद्धतीने आली.

आणि मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी काय केलं असतं ते तिला ठाऊक होतं. तिचं काम म्हणून समोर आलं असतं तर मी ते सोडून परत बांधलं असतं.

"कैसा है बास?" मी विचारलं.

"बोला ना. नारियल."

"वो नहीं. कैसा है? मेरा नाक नहीं चलता."

अरबाबने माझ्याकडे बघितलं. मग पुडकं परत उचललं आणि डोळे मिटून बराच वेळ नाकाशी धरलं. "पुराना है," तो म्हणाला. "थोडा खट्टा हो गया. मेरी माँ का भी ऐसा था. बंबई से आता था तेल." मग विचारलं, "किसने खोला?"

"मेरी बीवी."

"किधर है?"

"शारजा में," मी म्हणालो.

तो समजला. हलक्या आवाजात दुवा म्हणाला, मी आमीन म्हटलं. पण नियम तो नियम. लोखंड घेऊन मी त्या घरातून बाहेर पडू शकत नव्हतो, आणि उघडलेलं पुडकं त्याच्या कपाटात जाणार नव्हतं. त्याने खिशातून छोटी सुरी काढली, दोरी कापायला.

"थांबा," माझ्या तोंडून मराठीतच निघालं. मी हात पुडक्यावर ठेवला. "मैं करेगा. कागज मेरे को दो."

सबंध आयुष्यात मी त्या पुडक्यांतलं एक उघडलं नव्हतं. आता उघडायचं होतं, पण दोरीला हात न लावता. दोरी मधोमध होती. मी फक्त एका टोकाची घडी सोडली. कागद फाटला नाही, तेलाने मऊ राहिला होता. पुडकं उभं धरून दुसऱ्या टोकाने बोटाने हळूहळू ढकललं. तेलामुळे डबी सरकली. दोरीखालून सरकत सरकत अरबाबच्या पांढऱ्या कापडावर पडली. कागदाचा आकार तसाच राहिला, दोरी तशीच, पीळ तसाच.

अरबाबने डबी उजेडात धरली. आतून, बाहेरून, कोपरे. बोट फिरवून बघितलं. "जंग एक दाना नहीं," तो म्हणाला. "सात का मैं नहीं जानता, वो बंद है. ये साफ है." त्याने ती टांगली नाही. मी निघेपर्यंत तरी ती सात पुडक्यांच्या शेजारी, काचेआड ठेवलेली होती.

उघडलेलं टोक मी तिथेच बसून परत मिटायला घेतलं. पहिल्यांदा माझ्या सवयीने घडी घातली, कडक, कोपरा दाबून. दुसऱ्या टोकाची तिची होती. तिचा कोपरा जरा गोल होता, घट्ट दाबलेला नव्हता. मी माझी सोडली आणि तशी घातली. जमली नाही. तीनदा केलं. अरबाबने घाई केली नाही, मंदूब मोबाइल बघत बसला.

परवा मुलीने माझं कार्टन बांधायला घेतलं. आता कार्टन म्हणजे काय, म्हाताऱ्याचे चार कपडे, नमाजाची जानमाज, औषधं. मी खुर्चीवर बसलो होतो, पुडकं सदऱ्याच्या खिशात. नात बाजूला होती. मी पुडकं काढून तिच्यासमोर धरलं.

"वास घे बघू. कसला येतो?"

तिने आईकडे बघितलं, मग नाक कागदाला लावलं. काढलं नाही. "नानीज पिलो," ती म्हणाली. "इट्स नानीज पिलो."

मुलीचा हात दोरीवर थांबला. तिने वास मागितला नाही. डोळे पुसले आणि परत बांधायला लागली. ब्लँकेट एका कोपऱ्यात कोंबलेलं, दुसऱ्या कोपऱ्यात पोकळी, मध्ये हवाच हवा. दोरी फिरवून गाठ मारली आणि मार्करने चारी बाजूंनी माझं नाव-गाव लिहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सोडायचंय ना परत? सोडा. मला माहीत आहे."

कार्टनचं एका अंगाने पोट सुटलं होतं. मुंबईला पट्ट्यावर येईपर्यंत तिथून फाटणार, हे मला दिसत होतं.

"राहू दे," मी म्हणालो. "बरं बांधलंयस."

तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो.